एकतीस नंबरचा खिळा

हिरालालशेठच्या कापसाच्या जिनमध्ये कोणाला कामावरून काढलं, तर 'काढलं' असं कोणी म्हणत नसे. 'त्याचा बिल्ला खिळ्याला लागला,' असं म्हणत. कारंज्याच्या त्या जिनच्या फाटकाशी पहारेकऱ्याची खोली होती. खोलीत एक काळी फळी होती, फळीवर ओळीनं खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगात नंबर. कामावर लागलेल्या माणसाला त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला मिळे आणि तो त्याच्याजवळच राही. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की बिल्ला दाखवून आत, होळीच्या मागेपुढे हंगाम संपला की बिल्ला घेऊन घरी. पावसाळाभर तो घरात कुठंतरी पडून असे, आणि तो आहे म्हणजे पुढच्या हंगामाला आपली जागा आहे, हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक असे. माणूस मेला, म्हातारा झाला किंवा शेठनं त्याला कायमचा घालवला, तरच मोहनसिंग पहारेकरी बिल्ला मागून घेई आणि त्या नंबरच्या खिळ्याला अडकवून टाकी. ही रीत कोणी कागदावर लिहिलेली नव्हती. लिहायची कोणाला गरज वाटली नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

पंचफुलाचा नंबर एकतीस. इंझोरीची बाई, चाळिशीला टेकलेली, चौदा हंगाम रेच्यावर कापूस घातलेली. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. त्याच्या तोंडाशी बायका बसायच्या आणि ओंजळी भरभरून कापूस आत सोडायच्या. दिवसभर हवेत इतकी रुई उडायची, की संध्याकाळी सोळा वर्षांची पोरसुद्धा पांढऱ्या केसांनी बाहेर पडायची. हंगामाचे चार महिने या बायका जिनच्या मागच्या झोपड्यांतच राहत आणि मग आपापल्या गावी परतत.

सत्त्याहत्तर सालचा जानेवारी चालला होता. पाण्याच्या रांजणामागं कापसाचं एक गाठोडं सापडलं. जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं, बाहेर न्यायला तयार ठेवलेलं. मुकादम लखीरामनं ते उचलून सगळ्या बायकांपुढं आपटलं.

"धडपा कोनाचा हाय?"

पंचफुलाला खोटं बोलणं सुचलंच नाही. "धडपा माझाच हाय, पन..."

"पन बिन काई नाई. चाल, निघ. उद्यापासून येऊ नोको."

एवढंच. त्या 'पन'च्या पुढं तिला बरंच काही सांगायचं होतं. पण लखीरामनं पाठ फिरवली, इंजिनाचा पट्टा सुरू झाला आणि चाळीस बायकांनी मान खाली घालून पुन्हा ओंजळी भरल्या. तिला कोणी काही विचारलं नाही. ती झोपडीतलं आपलं बोचकं घेऊन फाटकाशी आली तेव्हा मोहनसिंग चहा पीत होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, पण बिल्ला मागितला नाही.

म्हणून ती घाबरली नाही. लखीराम रागीट माणूस. कोणाला चार दिवस 'बसवून ठेवायचं' आणि मग निरोप पाठवून बोलवायचं, हे त्याचं नेहमीचंच होतं. पंचफुला इंझोरीला आली आणि निरोपाची वाट पाहू लागली. निरोप आला नाही. हंगाम संपला. नवरा जानराव स्वभावानं गरीब, तो सारखं म्हणायचा, "अवं, बिल्ला तुयापाशीच हाय ना? मंग कायले भेतं?" घरात बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीमागं तिनं बिल्ला ठेवला होता. झाडलोट करताना ती तो काढून बघायची, पदरानं पुसायची आणि परत ठेवायची. आता तुम्ही म्हणाल, बाईनं जाऊन विचारायचं तरी! पण आपलं काम आपल्याकडंच आहे अशी ज्याची खात्री असते, तो विचारायला कशाला जाईल?

दिवाळी झाली आणि नव्या हंगामाची बोलावणी आली. शेजारची सोजरबाई, तीही जिनमध्येच कामाला, धावत आली. "पंचफुला वं, यादीत तुयं नाव नाई!"

पंचफुला दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं कारंज्याला गेली. मोहनसिंगच्या खोलीत तिनं आधी फळीकडं पाहिलं. एकतीस नंबरचा खिळा रिकामाच होता. आतल्या बाबूनं मात्र मस्टर उघडून दाखवलं. तिचं नाव जानेवारीतच लाल शाईनं कापलेलं होतं. नोटीस लावली होती म्हणे, फाटकाच्या पाटीवर, इंग्रजीत, टाइप केलेली. ज्या फाटकात 'येऊ नोको' म्हणून सांगितलं, त्याच फाटकावर तिनं येऊन ती वाचायला हवी होती! वर कारण काय, तर 'चोरी'.

नोकरी गेल्याचं दुःख मोठं होतंच. पण तो शब्द त्याहून मोठा होता. चौदा वर्षांत एका बोंडाएवढा कापूस तिनं पदराला लावून नेला नव्हता. आणि दहा महिने सगळं कारंजं तिला चोर समजत होतं, ती मात्र बिल्ला पुसत बसली होती.

भगवंतराव युनियनचे सेक्रेटरी. पूर्वी ते याच जिनच्या इंजिनावर तेलवाले होते. आता गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता आणि युनियनची सगळी कागदपत्रं मळ्यातल्या विहिरीजवळच्या पत्र्याच्या पेटीत असत. वांग्याच्या वाफ्यात उभे राहूनच त्यांनी पंचफुलाची हकिकत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"बाई, काढल्यापासून तीन महिन्यांत अर्ज लागते. तू दहा महिन्यांनी आली."

"मले माहीतच नव्हतं, भगवंतभाऊ, का मले काढलं म्हणून."

"थे खरं. पन कोर्टाले कसं सांगावं थे?" त्यांनी विळा बांधावर टेकवला. "बरं, तू अर्ज कर. उशिराचं काय करायचं, थे मी पाहतो."

अर्ज गेला. आणि अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये अकोल्याच्या लेबर कोर्टाची तारीख लागली.

सकाळच्या एस.टी.त भगवंतराव तिच्या पलीकडच्या बाकावर बसले होते. मांडीवर कागदांची पिशवी आणि पायाशी कोणा नातेवाइकाला द्यायचा सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, भारा. त्या हिरव्या वासानं सगळी गाडी भरली होती. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून तिला दाखवला.

"हे डॉक्टरचं सर्टिफिकेट हाय. तुले कावीळ झालती. सात महिने अंथरुणात व्हती."

पंचफुला त्यांच्याकडं बघतच राहिली. "मले कवा कावीळ झाली?"

"कागदावर झाली ना. कोर्टाले कावीळ समजते, बिल्ला समजत नाई. दहा महिने बिल्ला पुसत व्हतो असं सांगशीन, तर थे वकील हासून हासून मरन. अन् न्यायाधीश सायबाचं काय सांगू? कोनताबी असो, आपन तोंड उघडाच्या आधी केस संपते. इतकी वर्षं पाहून राह्यलो मी."

माणूस मनानं चांगला होता. तिच्यासाठीच त्यांनी कोणाकोणाचे पाय धरून तो कागद मिळवला होता. पंचफुलाला ते कळत होतं. तरी तिनं तो कागद हलकेच त्यांच्याकडं सारला. मग म्हणाली, "भाऊ, त्यायनं माझ्यावर खोटा आळ घेतला, म्हणून मी अकोल्याले चालली. अन् पयल्याच दिवशी मीच खोटं बोलू?"

"मंग हार."

"हारीन. पन मले एकदा कोनी इचारलं तर पायजे. अजून इचारलंच नाई कोनी."

भगवंतरावांनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. रागावले होते, पण उतरताना तिची पिशवी त्यांनीच घेतली.

कोर्टाची खोली लहान होती. न्यायाधीश नुकतेच साताऱ्याकडून बदलून आलेले, सर्दीनं बेजार, दर दोन मिनिटांनी रुमाल नाकाला लावणारे. शिपायानं पुकारा केला आणि ती भगवंतरावांच्या मागं जाऊन उभी राहिली.

कंपनीचे वकील उठले. चांगले जाणते होते, आवाज खणखणीत. "साहेब, हा अर्ज चालूच शकत नाही. मुदत तीन महिन्यांची, अर्ज दहा महिन्यांनी. नोटीस रीतसर लावली होती. मुदतीला काही अर्थ राहायचा असेल तर हे प्रकरण आत्ताच निकाली काढावं. बोर्डावर अजून अकरा प्रकरणं आहेत."

भगवंतरावांचा हात खिशाकडं गेला. तो कागद अजून तिथंच होता. पंचफुलानं त्यांच्या सदऱ्याची बाही मागून धरली. हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

"साहेब," ते खाकरत म्हणाले, "उशीर झाला, हे कबूल आहे. का झाला ते बाईच सांगेल."

वकील म्हणाले, "उशीर कबूल आहे. मग प्रश्नच मिटला."

न्यायाधीशांनी रुमाल बाजूला ठेवला. "मिटला कसा? उशीर किती झाला ते कागदावर दिसतं आहे. का झाला ते कागदावर नाही. ज्यांना उशीर झाला त्यांनाच विचारल्याशिवाय तो माफ करायचा की नाही हे मी कसं ठरवू? बाई, पुढं या."

ती पुढं आली. तिनं चंचीतून बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि खिळ्याची रीत सांगायला लागली. साताऱ्याच्या माणसाला वऱ्हाडी कळेना. "खिळ्याले लागला म्हणजे?" असं त्यांनी तीनदा विचारलं. तिनं तिन्ही वेळा न कंटाळता सांगितलं. शेवटी त्यांनी शिपायाकडून कोट अडकवायच्या खुंटीवर तो बिल्ला लटकवून घेतला आणि म्हणाले, "असा?"

"हो, बाप्पा. तसाच. तसा लागला असता तर मी दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात आली असती."

कोर्टात खसखस पिकली. वकील मात्र उठून उभे राहिले. "साहेब, ही बिल्ल्याची गोष्ट अर्जात नाही. आज पहिल्यांदा ऐकतो आहोत. आम्ही याला उत्तर काय देणार?"

"बरोबर आहे तुमचं," न्यायाधीश म्हणाले. "तुम्हालाही वेळ मिळाला पाहिजे. बाईंनी आज जे सांगितलं ते लिहून घेतलं आहे, त्याची नक्कल घ्या. पुढच्या तारखेला बिल्ल्यांचं रजिस्टर आणा आणि फाटकावरचा माणूस आणा. तुम्ही त्याला विचारा, मग युनियनही विचारेल."

बाहेर आल्यावर पंचफुलाचा चेहरा उतरला होता. पुन्हा तारीख, पुन्हा वाट पाहणं. "त्यायलेच येळ देला, भाऊ. हे न्यायाधीश त्यायच्याच बाजूचे दिसते."

भगवंतराव जिन्यात थांबले. बऱ्याच वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं नव्हतं. "नाई, बाई. सायबानं त्यायचं ऐकलं, म्हणूनच आपलंबी ऐकतीन. इतक्या वर्षांत मले वाटत व्हतं का कोर्टाले फक्त कागद लागते." त्यांनी खिशातलं सर्टिफिकेट काढलं, चार तुकडे केले आणि जिन्याच्या कोपऱ्यातल्या थुंकदाणीत टाकून दिले.

दुसरी तारीख जूनमध्ये लागली. मोहनसिंग आला तो कंपनीचा साक्षीदार म्हणूनच. धुतलेला फेटा, पिळदार मिशा, बावीस वर्षं शेठचं मीठ खाल्लेला माणूस. पंचफुलाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पंचफुलाला वाटलं, संपलं आपलं. पोट ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध कोण बोलेल? आणि त्यानं बोलावं असं म्हणायचा आपल्याला हक्क तरी काय?

वकिलांनी विचारलं, "नोटीस फाटकावर लावली होती?"

"हो साब. मीच लावली. आठ दिवस व्हती."

"ती येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होती?"

"येनाऱ्याले दिसत व्हती."

वकील समाधानानं बसले. आता भगवंतराव उठले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मोहनसिंगजी, बावीस वर्षांत बिल्ला न घेता किती माणसं काढली?"

मोहनसिंगनं वकिलांकडं पाहिलं, मग टेबलावरच्या बिल्ल्याकडं. फेट्याचा शेव सारखा केला.

"एकबी नाई," तो म्हणाला.

न्यायाधीशांनी मान वर केली. "मग यांचा बिल्ला का घेतला नाही?"

"मले कोनी सांगितलंच नाई, साब. मी मुकादमाले इचारलं व्हतं त्या रोजी, बिल्ला घेऊ का म्हणून. त्यो म्हणे, राहू दे, चार रोज बसू दे तिले. नोटीस मंग आठ-दहा रोजानं आली. इंग्रजीत व्हती. कोनाची हाय, मलेबी माहीत नव्हतं." तो थांबला आणि मग हळूच म्हणाला, "माहीत असतं तर बाईच्या घरी बिल्ला आनाले मीच गेलो असतो. माझं कामच हाय थे."

वकिलांनी उलट विचारलं, बरंच विचारलं. बाईशी नातं आहे का, युनियननं काही देऊ केलं का, रजिस्टरमध्ये तशी रीत लिहिली आहे का. न्यायाधीशांनी त्यांना एकदाही थांबवलं नाही. मोहनसिंग प्रत्येक वेळी 'नाई साब' म्हणाला. मग रजिस्टर उघडलं. ज्यांची नावं कापली होती त्या प्रत्येकापुढं 'बिल्ला जमा' असं लिहिलेलं होतं. एकतीस नंबरपुढची जागा कोरी होती.

न्यायाधीशांनी आतल्या खोलीत जाऊन अर्धा तास लिहिलं. तो अर्धा तास पंचफुलाला दहा महिन्यांहून लांब वाटला. बाहेर आल्यावर त्यांनी इंग्रजीत वाचलं आणि चष्मा काढून मराठीत सांगितलं, "मुदत महत्त्वाचीच आहे. पण काढल्याची खूण या कारखान्यात जी ठरलेली, तीच यांना मिळाली नाही. नाव कापलेलं दिसल्यावर यांनी महिन्याच्या आत अर्ज केला आहे. उशीर माफ." मग दोघांकडंही बघून म्हणाले, "हा निकाल फक्त उशिराचा आहे. चोरी झाली की नाही, काढणं योग्य की अयोग्य, यावर मी अजून काहीच म्हटलेलं नाही. ते ऐकायचं आहे."

पंचफुलाला सगळं कळलं नाही. तिनं भगवंतरावांकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते उगाचच कागद चाळत होते. "जिंकलो का, भाऊ?" तिनं हळूच विचारलं.

"नाई वं. दार उघडलं फक्त. पन उघडलं!"

मोहनसिंग दाराशी उभा होता. जाता जाता त्यानं प्रथमच तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. उद्या त्याचं फाटकावर काय होणार होतं, कोणास ठाऊक. पंचफुलानं त्याला हात जोडले.

"जेवणाला अजून तासभर आहे," न्यायाधीश वकिलांना म्हणाले. "बाईंचा जबाब आज सुरू करायला तुमची हरकत?"

वकिलांनी घड्याळ पाहिलं. "हरकत नाही. उलटतपासणी मात्र पुढच्या तारखेला करीन."

"मान्य." न्यायाधीशांनी कोरा कागद पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं. "बाई, कंपनीच्या लेखी म्हणण्यात असं आहे, की गाठोड्याचा धडपा तुमचा असल्याचं तुम्ही कबूल केलंत. आता तुम्ही सांगा. त्या दिवशी काय झालं?"

दीड वर्ष तिनं हा प्रश्न स्वतःलाच विचारला होता. इंझोरीला भाकरी थापताना, निंदायला जाताना, बिल्ला पुसताना. आणि आता तो खरोखरच कोणीतरी विचारला होता. शिपायानं न सांगता पाण्याचा पेला पुढं केला. ती दोन घोट प्याली.

"सायेब," ती म्हणाली, "धडपा माझाच व्हता, पन..."

आणि ती थांबली. सवयीनंच थांबली. इथं कोणीतरी ओरडणार, पट्टा सुरू होणार, बायका माना खाली घालणार, अशी तिच्या अंगाला सवय लागली होती. कोणी ओरडलं नाही. कंपनीचे वकीलसुद्धा गप्प बसून लिहायच्या तयारीत होते. न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"पण काय?" त्यांनी विचारलं. "सावकाश सांगा."

"पन थो मी सोजरबाईच्या लेकराची झोळी बांधाले देला व्हता, सायेब," पंचफुला म्हणाली. "आधी झोळीचंच सांगतो."

न्यायाधीश लिहू लागले, आणि ती सांगत गेली.